नाण्याच्या आभासी खोलीवरून पाण्याचा अपवर्तनांक १.६ का आला?

प्रश्न: विज्ञान शिक्षिका, कळवा

नमस्कार. मी कळव्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. प्रकाशाच्या अपवर्तनाचा पाठ आला की वाटीतले नाणे आणि ग्लासातली पेन्सिल हे दोन प्रयोग आम्ही दरवर्षी करतो आणि ते दरवर्षी साधतात. रिकाम्या वाटीच्या काठाआड गेलेले नाणे पाणी ओतू लागताच हळूहळू वर आल्यासारखे दिसते, तेव्हा मागच्या बाकावरची मुलेसुद्धा उठून पुढे येतात. या वर्षी मला वाटले की मुलांनी नुसते पाहून थांबू नये, स्वतः मोजावे आणि पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे पाण्यात प्रकाश किती वाकतो हे सांगणारा आकडा, स्वतः काढावा.

एका विद्यार्थ्याच्या वडिलांचे शोभेच्या माशांचे दुकान आहे. त्यांनी काचेचा एक चौकोनी टँक दिला. तो ६० सेमी लांब, ३० सेमी रुंद आणि ३० सेमी उंच आहे, आणि कळव्याच्या पुलावरून रिक्षाने मांडीवर धरून आणताना माझा जीव मुठीत होता. टँक बाकावर ठेवून त्यात बरोबर २४ सेमी उंचीपर्यंत नळाचे पाणी भरले. तळाशी, डाव्या काचेजवळ आणि पुढच्या काचेपासून २५ सेमी आत, एक रुपयाचे नाणे ठेवले. डाव्या काचेला बाहेरून पट्टी उभी चिकटवली. एका मुलाने पुढे उभे राहून, डोळा डाव्या काचेच्या रेषेत ठेवून नाण्याकडे पाहायचे आणि दुसऱ्याने बाहेरच्या बाजूने, नाण्याच्या बरोबर वर, बॉलपेनची रिकामी रिफिल खाली-वर सरकवायची. पाहणारा ‘आता दोन्ही एका पातळीत दिसतात’ म्हणाला की रिफिलच्या टोकाची पाण्याच्या पृष्ठभागापासूनची खोली लिहून घ्यायची. खरी खोली भागिले आभासी खोली म्हणजे अपवर्तनांक, हे सूत्र फळ्यावर लिहिलेले होतेच.

चोपन्न मुलांचे नऊ गट होते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ धरला तर नाणे १८ सेमी खोल दिसायला हवे. आमच्या आठ गटांची वाचने १४ ते १६ सेमी यांच्या दरम्यान आली आणि सरासरी जवळजवळ १५ निघाली. २४ भागिले १५ म्हणजे १.६. नवव्या गटाच्या प्रयोगवहीत मात्र १८ हा आकडा होता. मी विचारल्यावर त्या गटातला मुलगा म्हणाला, “मॅडम, पुस्तकात १.३३ आहे ना, मग १८च यायला पाहिजे.” मी त्याला रागावले नाही, पण तेव्हापासून मला चैन नाही. आठ गटांनी प्रामाणिकपणे जे पाहिले ते ‘चूक’ आणि न पाहता लिहिलेले ‘बरोबर’ ठरले, तर प्रयोगातून मुले नेमके काय शिकली?

वाचने विखुरलेली असती तर मी हाताची चूक म्हणून सोडून दिले असते. पण सगळी एकाच दिशेला गेली आहेत, म्हणजे कारण एकच असावे. पाण्यात काही दोष आहे का, काचेच्या जाडीमुळे असे होते का, की आमची मोजण्याची रीतच चुकली? टँक अजून आमच्याकडे आहे, त्यामुळे प्रयोग पुन्हा करता येईल. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: पालक, ऐरोली

मॅडम, मी शिक्षक नाही, एका कंपनीत पाणी शुद्धीकरणाच्या विभागात काम करतो. माझी मुलगी नववीत आहे, म्हणून हा प्रश्न मन लावून वाचला. मला पहिली शंका पाण्याची येते. नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात आणि क्षार वाढले की अपवर्तनांक वाढतो, हे आम्ही रोजच्या कामात उपकरणावर पाहतो. शिवाय टँक माशांच्या दुकानातला आहे, तेव्हा त्यात मिठाचा अंश राहिला असण्याची शक्यता आहे. डिस्टिल्ड वॉटर घेऊन प्रयोग करून पाहावा असे सुचवतो. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ असतो, तोही कुठेतरी मिसळत असेल.

उत्तर २: निवृत्त शिक्षक, नेरूळ

मॅडम, सर्वप्रथम आपले मनापासून अभिनंदन. सगळी वाचने एकाच दिशेला गेली आहेत हे आपण हेरलेत आणि उत्तर शोधण्याची निम्मी वाट तिथेच चाललात. मी चौतीस वर्षे शाळेत भौतिकशास्त्र शिकवले. नेमक्या याच जागी मीही अनेकदा अडखळलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पाण्याविषयी. ऐरोलीच्या साहेबांची शंका रास्त आहे, क्षारांमुळे अपवर्तनांक वाढतो हेही खरे, पण तो किती वाढतो हे पाहिले पाहिजे. शुद्ध पाण्याचा अपवर्तनांक २० अंश सेल्सिअसला १.३३३ असतो. समुद्राचे खारे पाणी घेतले तरी तो सुमारे १.३४ होतो, आणि मीठ विरघळेनासे होईपर्यंत घालत राहिलो तरी १.३८ च्या आसपास थांबतो. तापमानाचा परिणाम तर तिसऱ्या दशांश स्थळावर दिसतो. मधाचा अपवर्तनांक जवळपास १.५ आहे. १.६ च्या घरात पोहोचायचे तर टँकमध्ये कार्बन डायसल्फाइडसारखा द्रव भरावा लागेल, त्याचा १.६३ आहे. तेव्हा नळाच्या पाण्यावर हा ठपका ठेवता येत नाही. काचेचेही तसेच आहे. नाणे टँकच्या आत आहे आणि प्रकाश वरच्या मोकळ्या पृष्ठभागातून बाहेर येतो आहे, म्हणजे त्याच्या वाटेत काच येतच नाही. नाणे टँकच्या बाहेर, तळाखाली ठेवले असते आणि तळाची काच ६ मिमी जाड असती, तरीसुद्धा फरक जेमतेम २ मिमीचा पडला असता.

आता डोळ्याविषयी, कारण उत्तर तिथे आहे. मुले टँकच्या पुढे उभी होती, असे आपण लिहिले आहे. वर्गातला बाक साधारण ७५ सेमी उंच असतो, त्यावर २४ सेमी पाणी, म्हणजे पाण्याची पातळी जमिनीपासून सुमारे एक मीटरवर आली. दहावीचे मूल किंचित वाकून पाहते तेव्हा त्याचा डोळा १४० सेमीच्या आसपास असतो. ते टँकपासून एका पट्टीच्या अंतरावर, म्हणजे ३० सेमीवर उभे असेल, तर त्याची नजर पाण्यावर ४५ अंशांच्या कोनात पडते. ‘खरी खोली भागिले आभासी खोली’ हे सूत्र मात्र बरोबर वरून, स्तंभिकेच्या (म्हणजे पृष्ठभागाला काटकोनात असलेल्या रेषेच्या) अगदी जवळून पाहणाऱ्या डोळ्यासाठी आहे. पुस्तकात ते वाक्य एखाद्या ओळीत येऊन जाते आणि आपण सगळेच ते वाचून पुढे जातो.

तिरके पाहिल्यावर काय होते, याचे गणित करू. हवेतला कोन ४५ अंश असेल, तर स्नेलच्या नियमानुसार (दोन्ही कोनांच्या साइनचे गुणोत्तर म्हणजे अपवर्तनांक) पाण्यातला कोन ३२ अंश येतो. २४ सेमी खोलीवरून ३२ अंशांनी निघालेला किरण पृष्ठभागावर पोहोचेपर्यंत पुढच्या दिशेने १५ सेमी सरकलेला असतो. तिथे तो वाकतो आणि ४५ अंशांनी डोळ्याकडे जातो. डोळ्याला हा वाकडेपणा ठाऊक नसतो. तो आलेला किरण सरळ मागे वाढवतो, आणि ४५ अंशांची ती रेषा नाण्याच्या बरोबर वरच्या उभ्या रेषेला पृष्ठभागापासून १५ सेमी खोलीवर छेदते. तुमच्या मुलांनी रिफिल धरली ती नेमकी तिथे. आठ गटांनी जे दिसायला हवे होते तेच पाहिले आणि तेच लिहिले. चूक झाली ती त्या वाचनाला लावलेल्या सूत्रात.

माझी विनंती आहे की हे वाचन फेकून देऊ नये, कारण त्याच्यातच १.३३ दडलेला आहे. किरण पृष्ठभागातून ज्या जागी बाहेर पडला त्या जागेला ‘प’ म्हणू. नाण्यापासून ‘प’पर्यंतची तिरकी लांबी काढा. एक बाजू १५, दुसरी २४, म्हणून पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण २८.३ सेमी. आता रिफिलच्या टोकापासून ‘प’पर्यंतची लांबी काढा. दोन्ही बाजू १५, म्हणून कर्ण २१.२ सेमी. २८.३ ला २१.२ ने भागा. १.३३ येते. पाणी बरोबर आहे, मुले बरोबर आहेत आणि टँकही बरोबर आहे.

पुन्हा प्रयोग कराल तेव्हा कोनाच्या भानगडीत न पडता ‘प’ ही जागाच आधी ठरवून टाका. टँकच्या आत, पाण्याला जेमतेम टेकेल असा एक पांढरा दोरा डाव्या काचेपासून उजव्या काचेपर्यंत ताणून सेलोटेपने चिकटवा. डाव्या काचेच्या बाहेर, त्याच उंचीवर आणि त्याच रेषेत, खराट्याची एक काडी आडवी चिकटवा. पाहणाऱ्याने डोळा अशा ठिकाणी आणावा की दोरा नाण्याच्या मध्यावर येईल, आणि मग दुसऱ्याने रिफिल सरकवत तिचे टोक बाहेरच्या काडीच्या आड आणावे. दोरा नाण्यापासून आडव्या अंतराने १८ सेमी पुढे बांधलात तर मुलांना फार गोड आकडे मिळतील. १८ आणि २४ यांचा कर्ण बरोबर ३०, म्हणजे ३, ४, ५ चाच त्रिकोण. रिफिल १३.५ सेमी खोलीवर यायला हवी, तिचा कर्ण २२.५, आणि ३० भागिले २२.५ म्हणजे १.३३. मग दोरा १० सेमीवर आणा, तिथे कर्ण २६ येतो. मग ७ सेमीवर, तिथे २५. दोरा जसजसा नाण्याच्या डोक्यावर येत जाईल तसतशी आभासी खोली १८ च्या जवळ जाताना मुलांना स्वतः दिसेल, आणि पुस्तकातले सूत्र कुठून आले हे वेगळे सांगावे लागणार नाही.

एक बारीक गोष्ट राहिली. काचेला लागून पाणी एक-दोन मिलिमीटर वर चढलेले असते आणि तेवढ्या पट्ट्यात पृष्ठभाग सपाट नसतो. म्हणून नाणे काचेला चिकटवू नका, दोन बोटे आत ठेवा. एवढ्याशा गोष्टीने वाचन अर्धा सेंटिमीटर हलते, हे मी स्वतः अनुभवले आहे.

उत्तर ३: एम.एस्सी. भौतिकशास्त्र विद्यार्थिनी, ठाणे पूर्व

सरांचे उत्तर वाचून फार आनंद झाला, कारण दोन कर्णांच्या गुणोत्तराची ही रीत आधुनिक सोय म्हणून आलेली नाही. लायडनच्या विलेब्रॉर्ड स्नेलने १६२१ च्या सुमारास हा नियम शोधला तेव्हा त्याने तो साधारण याच रूपात मांडला होता: किरणाची खरी लांबी आणि आभासी लांबी यांचे गुणोत्तर स्थिर राहते. त्याने तो छापला नाही आणि १६२६ मध्ये त्याचे निधन झाले. आपण फळ्यावर लिहितो ते साइनचे रूप देकार्तने १६३७ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच्याही सहा शतके आधी, सुमारे ९८४ मध्ये, इब्न सह्ल या गणितज्ञाने भिंगांवर लिहिताना हाच नियम भूमितीच्या आकृतीतून, दोन लांबींच्या गुणोत्तराने दाखवला होता. तेव्हा त्रिकोणमिती न शिकलेल्या आठवीच्या मुलांनाही हा नियम पट्टी आणि पायथागोरस एवढ्यावर पडताळता येईल.

मॅडम, आपल्या नवव्या गटाबद्दलही थोडे लिहावेसे वाटते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने अंश कोरलेली तबकडी पाण्यात अर्धी बुडवून अपवर्तनाचे कोन मोजले. हवेतल्या १०, २०, ३० अंशांपासून ८० अंशांपर्यंत त्याने पाण्यातले कोन दिले आहेत: ८, १५.५, २२.५, २९, ३५, ४०.५, ४५.५ आणि ५०. मधले आकडे आश्चर्य वाटावे इतके चांगले आहेत. ६० अंशांसाठी त्याने दिलेला ४०.५ आजच्या गणिताशी तंतोतंत जुळतो. पण लागोपाठच्या आकड्यांमधली वजाबाकी करून पाहिली तर ७.५, ७, ६.५, ६, ५.५, ५, ४.५ अशी येते, म्हणजे प्रत्येक पायरीला बरोबर अर्ध्या अंशाची घट. निसर्ग इतका नेमका उतरत नाही. टॉलेमीने आधी एक नियम मनाशी धरला आणि वाचने त्याला जुळवून घेतली, असेच यावरून दिसते. त्याची किंमत शेवटच्या आकड्यात मोजावी लागली. ८० अंशांना पाण्यातला कोन खरे तर ४७.६ अंश असतो, आणि हवेतून पाण्यात शिरलेला किरण ४८.६ अंशांपेक्षा जास्त कोन करूच शकत नाही, कारण तो पाण्याचा क्रांतिक कोन आहे. टॉलेमीचा ५० हा आकडा त्याच्या पलीकडे गेला आहे. त्या मुलाला ही गोष्ट सांगितली तर त्याला आपण एकटे पडलो असे वाटणार नाही, आणि जुळवून घेतलेला आकडा कसा उघडा पडतो हेही त्याला कळेल.

मुले वरून पाहूनच आभासी खोली मोजणार असतील तर एक सूचना. बरोबर वरून पाहताना नाणे आणि रिफिल कोणत्याही खोलीवर असले तरी एकाच दिशेला दिसतात, त्यामुळे ‘एका पातळीत दिसते’ हे केवळ अंदाजाने सांगितले जाते. तिथे पराशयाची, म्हणजे पॅरलॅक्सची पद्धत वापरावी. डोके काचेला समांतर, पुढे-मागे चार-पाच सेंटिमीटर हलवावे. रिफिल नाण्याच्या तुलनेत डोक्याच्या उलट दिशेला सरकताना दिसली तर ती वर आहे, डोक्याच्या दिशेनेच सरकली तर खाली आहे, आणि दोन्ही एकत्र हलली तर खोली जुळली. डोके डावीकडे-उजवीकडे हलवू नये, कारण मग मधली काच आड येते आणि दोन्ही गोष्टी एका वेळी दिसत नाहीत.

उत्तर ४: पालक, ऐरोली

सर, आपले म्हणणे पटले. क्षारांमुळे फरक पडतो एवढे मला माहीत होते, पण तो किती पडतो याचा विचार न करता मी लिहिले. रविवारी मुलीबरोबर घरीच बादलीत दोरा बांधून पाहिले. बादलीच्या बाजू तिरप्या असल्यामुळे मोजमाप काही जमले नाही. म्हणून एका पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात पाणी घेऊन दुधाचे तीन-चार थेंब टाकले, खोलीतला दिवा बंद केला आणि लेझर पेनचा किरण वरून तिरका सोडला. पाण्यात शिरताच किरण मोडल्यासारखा वळलेला स्पष्ट दिसला, आणि मुलीने डब्याच्या मागे आलेखाचा कागद लावून तो पेन्सिलने रेखला. कुणी हे करणार असेल तर किरण डोळ्यांच्या पातळीवर येऊ देऊ नये आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून उडणाऱ्या कवडशाकडेही लक्ष ठेवावे. आम्ही डब्याच्या पलीकडे काळा पुठ्ठा उभा केला होता.

कोन मोजताना मुलीने पहिल्यांदा तो पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजला आणि गणित काही केल्या जुळेना. स्तंभिका आखून तिच्यापासून मोजल्यावर ५० अंशांना ३५ आले.

उत्तर ५: विज्ञान शिक्षिका, कळवा

आपणा सर्वांचे आभार कसे मानावेत हे कळत नाही. काल दोन तासिका जोडून घेतल्या आणि सरांनी सांगितले तसा दोरा आणि काडी बांधून प्रयोग पुन्हा केला. दोरा नाण्याच्या मध्यावर आणणे मुलांना सुरुवातीला जड गेले, कारण कुणी बाकाला धक्का दिला की पाणी हलते आणि नाणेही थरथरते. एका मुलीने युक्ती काढली. तिने वर्गाला मोठ्याने वीसपर्यंत अंक म्हणायला सांगितले आणि पाणी शांत झाल्यावरच डोळा लावला. नंतर सगळ्या गटांनी तसेच केले.

दोरा १८ सेमीवर असताना रिफिलच्या खोलीची सरासरी १३.७ सेमी आली. फक्त खोल्यांचा भागाकार केला तर १.७५ येतो, पण कर्णांचा भागाकार १.३३ आला. दोरा १० सेमीवर असताना खोली १६.५ आली, म्हणजे खोल्यांवरून १.४५ आणि कर्णांवरून १.३५. दोरा ७ सेमीवर असताना खोली १७.३, म्हणजे अनुक्रमे १.३९ आणि १.३४. तिन्ही ओळी मी फळ्यावर एकाखाली एक लिहिल्या आणि काही न बोलता उभी राहिले. पहिला स्तंभ १.७५ वरून खाली उतरत येतो आणि दुसरा जागचा फारसा हलत नाही, हे तिसऱ्या बाकावरच्या मुलीने सांगितले. त्यानंतर वर्गात जो गलका झाला तो शेजारच्या वर्गापर्यंत पोहोचला.

प्रयोगवहीत १८ लिहिणारा मुलगा तास संपल्यावर माझ्याकडे आला. त्याच्या गटाचे नवे वाचन १३.९ होते. जुना १८ खोडू का, असे त्याने विचारले. मी त्याला म्हटले, खोडू नकोस, शेजारी आजची तारीख घालून नवे वाचन लिही. टॉलेमीची गोष्ट मी त्याला एकट्याला न सांगता सोमवारी सगळ्या वर्गाला सांगणार आहे.

एक प्रश्न मात्र मुलांनी विचारला आणि मला फळ्यावर नीट उलगडून दाखवता आला नाही. पाण्यातून हवेत येणारा किरण स्तंभिकेपासून दूर वाकतो, म्हणजे पृष्ठभागाकडे झुकतो. मग ग्लासातली पेन्सिल पाण्यातल्या भागात वर उचलल्यासारखी का दिसते? किरण ज्या बाजूला वाकला त्याच बाजूला पेन्सिल वाकलेली दिसायला हवी, असे मुलांचे म्हणणे आहे.

उत्तर ६: निवृत्त शिक्षक, नेरूळ

मॅडम, आपली वाचने मी वहीत उतरवून घेतली आहेत. १६.५ चे वाचन किंचित कमी आले ते त्या दिवशी बाहेरची काडी पाण्याच्या पातळीपेक्षा थोडी वर राहिल्यामुळे असू शकेल. पुढच्या वेळी तेवढे पाहावे.

पेन्सिलीचा घोटाळा बहुतेक वेळा आकृतीच्या क्रमातून होतो. आपण फळ्यावर आधी ग्लास काढतो, मग पेन्सिल, मग तिला लागूनच वाकलेला किरण. दोन्ही रेषा शेजारी आल्या की मुले किरणाच्या रेषेलाच पेन्सिल समजतात. मी नंतरच्या वर्षांत उलट क्रम धरला होता. आधी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात डोळा काढायचा. मग पाण्याची पातळी. मग बुडलेल्या पेन्सिलीचे केवळ टोक, एका ठिपक्याने. त्या ठिपक्यातून निघालेला किरण पृष्ठभागापर्यंत, तिथे वळलेला, आणि तिथून डोळ्यापर्यंत. आता रंगीत खडूने डोळ्याकडून उलटे येत, हवेतला तुकडा सरळ पाण्यात वाढवायचा. ही तुटक रेषा खऱ्या ठिपक्याच्या वरून जाते. तिथे दुसरा ठिपका. पेन्सिलीवरच्या आणखी दोन-तीन बिंदूंसाठी हेच करायचे आणि शेवटी सगळे नवे ठिपके जोडायचे. पेन्सिल वर उचललेली का दिसते ते मुलांच्या डोळ्यांसमोर तयार होते. किरण वाकतो तो बाहेर पडताना, पृष्ठभागाच्या एका बिंदूवर. पेन्सिल वाकलेली दिसते ती त्या किरणाला डोळ्याने मागे वाढवल्यामुळे. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट आपल्या डोळ्याच्या सवयीतून येते.

आपल्या तिन्ही ओळींतून आणखी एक गोष्ट निघते आणि ती पावसाळ्याआधी मुलांना सांगावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. बरोबर वरून पाहिले तर ६ फूट पाणी साडेचार फूट वाटते. पण काठावर उभे राहून मुले कधीच बरोबर वरून पाहत नाहीत, ती तिरकीच पाहतात. दोरा १८ सेमीवर असताना तुमचे २४ सेमी पाणी १३.७ सेमी दिसले. त्याच कोनातून ६ फूट पाणी साडेतीन फुटांच्याही आत दिसते. तलावाच्या काठाला, दगडाच्या खाणीत साचलेल्या पाण्यात किंवा खारघरच्या डोंगरातल्या डोहात ज्या दिवशी पाणी स्वच्छ असते आणि तळ स्पष्ट दिसतो, त्या दिवशी ही फसगत सर्वांत मोठी असते. मुलांनी हे माझ्या सांगण्यावरून मानू नये. टँकमध्ये तळापासून पाण्याच्या पातळीपर्यंत उभी पट्टी बुडवा आणि प्रत्येकाला पुढे उभे राहून एकदा पाहू द्या. सगळे २४ सेंटिमीटर कसे एकमेकांत दाटून बसतात ते दिसेल, आणि त्या पट्टीवरचे आकडे तेव्हा वाचून घ्यावेत.